पहिला फोटो आणि ‘उमेदवार’ हा शब्द

१९९५ साली ५१ पेगासी बी सापडला. त्यानंतर बाह्यग्रहांची यादी वाढतच गेली, पण त्यातला एकही प्रत्यक्ष ‘दिसला’ नव्हता. ताऱ्याचं डोलणं मोजा किंवा त्याचा मंदावणारा प्रकाश मोजा, पुरावा अप्रत्यक्षच. कारण सोपं आहे. दृश्य प्रकाशात आपला सूर्य गुरूपेक्षा साधारण अब्जपट तेजस्वी आहे. त्या झगमगाटात शेजारचा ठिपका दिसणार कसा?

मग यजमानच मंद असेल तर? गेल शोव्हाँ यांच्या गटाच्या निरीक्षणांत टूएम१२०७ नावाचा तपकिरी बटू होता. वस्तुमान गुरूच्या सुमारे २५ पट, म्हणजे हायड्रोजनचं संमीलन टिकवायला अपुरं. वय जेमतेम एक कोटी वर्षं. इतक्या तरुण व्यवस्थेत ग्रहही जन्माच्या उष्णतेने तापलेला असतो आणि अवरक्त प्रकाशात चमकतो.

अडचण वेगळीच होती. वातावरणाची थरथर दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेला समोर पुरेसा प्रकाश लागतो आणि हा बटू दृश्य प्रकाशात फारच अंधुक. चिलीतल्या पारानाल वेधशाळेच्या ८.२ मीटर ‘येपून’ दुर्बिणीवरच्या ‘नाको’ उपकरणात ही थरथर अवरक्तात मोजायची सोय होती. एप्रिल २००४ मध्ये बटूपासून ०.८ आर्कसेकंदावर शंभरेक पट मंद, लालसर ठिपका दिसला. वर्णपटात पाण्याच्या वाफेच्या खुणाही मिळाल्या.

तरीही पेपरच्या शीर्षकात शब्द होता ‘उमेदवार’! कारण तो ठिपका वाटेतला किंवा मागचा एखादा भलताच पिंड असू शकला असता. कसोटी एकच: आकाशात दोघं बरोबर सरकतात का? त्यासाठी थांबावं लागलं. २००५ मध्ये पुन्हा मोजमापं झाली, दोघं बरोबर सरकत होते, आणि मग कुठे ‘उमेदवार’ हा शब्द गेला.

पण वाद संपला नाही. सोबत्याचं वस्तुमान गुरूच्या साधारण पाचपट, म्हणजे यजमानाच्या एक पंचमांश! असली जोडी तबकडीतून ग्रह घडावा तशी नव्हे, तर जोडताऱ्यासारखी बनली असावी, असं अनेकांना वाटतं. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या कामचलाऊ व्याख्येत तर हे गुणोत्तर सुमारे १/२५ पेक्षा कमी हवं. त्या हिशेबाने हा ग्रहच नाही.

संशोधनाची तयारी करत असाल तर २००४ आणि २००५ चे दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्यात कोणतं वाक्य ठाम झालं आणि ते कोणत्या आकड्यामुळे, एवढंच शोधा.