पोटशूळ, पित्त आणि व्रण : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

पोटाच्या दुखण्याला मराठीत नावे पुष्कळ आहेत. परंतु ती वेदनेची नावे होत, व्रणाची नव्हेत. ‘पित्त झाले’, ‘शूळ उठला’ असे रोगी सांगतो. माधवनिदानातही परिणामशूल म्हणजे अन्न पचत असता उठणारा शूळ, तर अन्नद्रवशूल पचनाच्या कोणत्याही अवस्थेत उठणारा. हे वर्गीकरण वेदनेच्या वेळेवर आधारलेले आहे. म्हणून परिणामशूल म्हणजेच ग्रहणीचा व्रण, हे समीकरण सोयीचे असले तरी सिद्ध नव्हे.

व्रणांची गणना शस्त्रक्रिया व क्ष-किरण यांच्या आगमनानंतरच शक्य झाली. त्रावणकोरातील नेय्यूर येथे शल्यविशारद सॉमरव्हेल यांना ग्रहणीव्रणाचे रोगी विपुल आढळले. १९६० नंतरच्या दशकात रेल्वेतील वैद्यकीय अधिकारी मल्होत्रा यांनी भात खाणारा दक्षिण भारत व गहू खाणारा पंजाब यांतील तफावत दाखविली. टोव्ही यांच्या १९७९ च्या निबंधानेही भाताच्या प्रदेशात व्रण अधिक, तर गहू, भरड धान्ये व डाळी यांच्या प्रदेशात कमी, असेच सुचविले. धाराशिव हा ज्वारीचा मुलूख. तेव्हा भाकरी व्रणापासून रक्षण करते, असे अनुमान काढण्याचा मोह होतो.

या अनुमानास दोन मर्यादा आहेत. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाल्यामुळे ‘उस्मानाबाद’ या नावाखालील जुने आकडे आजच्या धाराशिवला जसेच्या तसे लागू होत नाहीत. दुसरे असे की, १९८२ मध्येच मार्शल व वॉरन यांनी जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वेगळा काढून वाढविला. त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विकसनशील देशांत दाट वस्ती व अस्वच्छता यांमुळे हा संसर्ग बहुधा बालपणीच होतो. तथापि संसर्ग झालेल्यांपैकी थोड्यांनाच व्रण होतो. त्यामुळे आहाराचा प्रश्न अद्यापि निकालात निघालेला नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. जंतुजन्य व्रण प्रतिजैविकांनी बरा होतो. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी होणाऱ्या व्रणात त्या गोळ्या थांबवाव्या लागतात. ‘पित्त’ म्हणून दुखणे अंगवळणी पाडून घेतले, तर रक्तस्राव होऊन काळी शौच होईपर्यंत निदान लांबते. तात्पर्य, रुग्णालयाच्या नोंदवहीत रोग्याचा शब्द व दुर्बिणीच्या तपासणीतील निष्कर्ष ही दोन्ही शेजारी लिहिली जावीत. तरच या जिल्ह्यातील व्रणाचा इतिहास विश्वसनीयपणे लिहिता येईल.