उन्हाने रापलेला चेहरा, वांग आणि लेसर : पैसे भरण्याआधी हे वाचा

मंद्रूप ते सोलापूर हे अंतर सुमारे २५ किलोमीटर. विजयपूर रस्त्याला लागून असलेला दक्षिण सोलापूरचा हा पट्टा ज्वारी, तूर, ऊस आणि द्राक्षांचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, कधी ४३-४४ लाही टेकतो. खुरपणीला जाणाऱ्या बाया, सेंट्रिंगची कामं करणारी पोरं, फळांचा गाडा लावणारे भाई, दिवसभर स्टिअरिंगवर बसणारे ड्रायव्हर, सगळ्यांचे चेहरे रापलेले दिसतात. चाळिशीत पन्नाशीच्या खुणा उमटतात. घरात निकाह ठरला की मग आरसा जास्त वेळ बघितला जातो आणि मोबाईलवर लेसरच्या जाहिराती येऊ लागतात. दोन फोटो शेजारी शेजारी, एकात डाग, दुसऱ्यात चेहरा एकदम साफ.

लेसर ही फसवणूक नाही. योग्य माणसाला, योग्य हातून मिळाला तर त्याचा फायदा होतो. मात्र आपल्याकडे ज्याला लोक "उन्हाचे डाग" म्हणतात, ते बहुतेक वेळा वांग असतं. त्वचा सोलून नवी आणणारा लेसर हा वांगावरचा पहिला उपाय नाही. चुकला तर डाग आणखी गडद होतो.

लेसर करतो काय?

उन्हातली अतिनील किरणं त्वचेच्या खालच्या थरातले कोलेजनचे धागे तोडतात. कोलेजन म्हणजे त्वचेला ताठ ठेवणारा सांगाडा. तो सैल पडला की सुरकुत्या येतात, पोत जाडाभरडा होतो, छिद्रं मोठी दिसतात. रिसरफेसिंग लेसर वरचा थर जाणूनबुजून जखमी करतो आणि आत उष्णता पोचवतो. जखम भरताना शरीर नवं कोलेजन तयार करतं. म्हणजे खरं काम शरीरच करतं, लेसर फक्त त्याला भाग पाडतो. म्हणून परिणाम आठवड्यात दिसत नाही, तीन ते सहा महिने हळूहळू दिसत राहतो.

यात सर्वात जास्त वापरला जातो तो कार्बन डायऑक्साइड लेसर. त्याचा शोध लावणारे कुमार पटेल हे आपल्या बारामतीत १९३८ साली जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९६४ साली त्यांनी हा लेसर जगापुढे आणला. (बारामतीचं नाव राजकारणाशिवाय इतर कशासाठी घेता आलं, याचा आम्हालाही आनंद आहे.) या लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. ती पाण्यात शोषली जाते, आणि त्वचेत पाणीच जास्त असल्याने ऊतीची क्षणात वाफ होते. दुसरा अर्बियम याग लेसर, २,९४० नॅनोमीटरचा. तो पाण्यात आणखी जोरात शोषला जातो, त्यामुळे आजूबाजूला उष्णता कमी पसरते.

१९९० च्या दशकात अख्ख्या चेहऱ्याचा थर उतरवत असत. माणूस दोन आठवडे घरात, लाली महिनोन् महिने. २००४ पासून फ्रॅक्शनल पद्धत आली. यात लेसर चाळणीसारखी बारीक छिद्रं पाडतो आणि मधली त्वचा शाबूत ठेवतो. त्यामुळे जखम लवकर भरते. आज सोलापूर-पुण्यात "सीओ-टू फ्रॅक्शनल" म्हणतात ते हेच.

आपल्या रंगाचा प्रश्न

लेसरच्या सुरुवातीच्या जाहिराती आणि फोटो गोऱ्या युरोपीय त्वचेचे होते. आपली त्वचा सावळी-गव्हाळ. डॉक्टर ऊन सोसण्याच्या ताकदीवरून त्वचेचे सहा प्रकार पाडतात, त्यात बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्यात बसतात. या त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं. ते उन्हापासून राखण करतं, त्यामुळे आपल्याला सुरकुत्या उशिरा येतात. पण त्याच त्वचेची एक खोड आहे : कुठेही जखम, पुरळ, भाजणं झालं की जागा काळी पडते. तव्याचा चटका बसल्यावर हातावर उरलेला डाग आठवा. लेसर हाही चटकाच आहे. आपल्या रंगाच्या त्वचेत लेसरनंतर तीन-चार आठवड्यांत काळेपणा उमटण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा बराच जास्त असतो. तो बहुतेकदा उतरतो, पण महिने लागतात.

म्हणून जाणकार डॉक्टर आपल्याकडे ताकद कमी ठेवतात, सिटिंग वाढवतात आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोट्या जागेवर चाचणी घेतात. पहिल्याच दिवशी "आजच करून टाकू" म्हणणारा भेटला, तर चहा पिऊन परत यावं.

वांग वेगळं, सुरकुत्या वेगळ्या

दोन्ही गालांवर, नाकावर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखे पसरलेले तपकिरी चट्टे म्हणजे वांग. बायांमध्ये जास्त, पण शेतात राबणाऱ्या पुरुषांतही भरपूर. कारणं अनेक : ऊन, घरातली अनुवंशिकता, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, आणि उष्णता. चुलीपुढे तास-दोन तास बसून भाकऱ्या थापणारी खाला दिवसभर घरात असूनही तिचं वांग का जात नाही, याचं एक उत्तर त्या चुलीत आहे.

वांगावर पहिला उपाय उन्हापासून बचाव. दुसरा, डॉक्टरने लिहून दिलेली मलमं, तीही ठराविक मुदतीपुरती. यातली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, तेव्हा दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर लाज न धरता आधी सांगा. लेसर त्याच्याही नंतर, आणि तोही थर सोलणारा नव्हे, कमी ताकदीचा रंगद्रव्यावरचा. त्यानेही वांग परत येतं. सिटिंगवर सिटिंग करत राहिलं तर काही जणांच्या चेहऱ्यावर तांदळाएवढे पांढरे ठिपके पडतात, आणि ते घालवणं वांगापेक्षा अवघड.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र लेसर करत नाही. ते करते मेडिकलमधून आणलेली पन्नास-शंभर रुपयांची ट्यूब. लेबल वाचा : बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, मग भाभी नणंदेला सांगते, नणंद शेजारणीला. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, उन्हात गेलं की आग होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या आणि बारीक केस येतात. ट्यूब बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून ती सुटत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टेरॉइड मलमांच्या १४ प्रकारांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरी काउंटरवर मिळतातच. असा चेहरा घेऊन लेसरला गेलात तर चांगला डॉक्टर आधी ट्यूब हळूहळू सोडवतो, लेसर नंतर.

बिननावाच्या, बाहेरून आलेल्या "गोरेपणाच्या" डब्यांची गोष्ट याहून वाईट. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबातल्या तिघींची बातमी आली होती. क्रीम चेहऱ्याला लावलं, बिघडली किडनी. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. उमरा किंवा आखाती देशांतून येणारे पाहुणे प्रेमाने अशा डब्या आणतात. घटकांची यादी नसलेली डबी कुणीही दिली असो, चेहऱ्याला लावू नका.

उन्हाचा वाटतो, पण नसतो

मानेवर आणि काखेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा झाली असेल तर तो बऱ्याचदा साखरेचा इशारा असतो. घासून किंवा लेसरने तो जात नाही, आधी शुगर तपासा. अत्तर मानेवर चोळून उन्हात गेल्याने तिथे काळे पट्टे उमटू शकतात, काही सुगंधी तेलं उन्हाशी मिळून त्वचा भाजतात. अत्तर कपड्याला लावणं बरं. केसांच्या काळ्या कलपातलं आणि झटपट रंगणाऱ्या "काळ्या मेहेंदी"तलं पीपीडी हे रसायन कपाळ, कान आणि मानेवर खाज किंवा राखाडी डाग आणतं. खरी मेहेंदी नारिंगी-तपकिरी रंगते, काळी कधीच नाही. घट्ट स्कार्फ, नकाबची इलॅस्टिक पट्टी रोज एकाच जागी घासली तरी कातडी काळी पडते. पट्टी सैल केली की निम्मं काम होतं.

कपाळावरचा सजद्याचा डागही लेसरने काढता येईल का, असं काही तरुण विचारतात. तो दाबाने जाड झालेल्या कातडीचा निरुपद्रवी भाग आहे. नमाज चालू असेपर्यंत तो परत येणारच. जाड जानमाज वापरा आणि विषय सोडून द्या.

तीन गोष्टींना मात्र उशीर नको. फिकट चट्टा ज्यावर स्पर्श कळत नाही, कारण तो कुष्ठरोग असू शकतो. त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध आहे आणि तो पूर्ण बरा होतो. महिनाभरात न भरणारी चेहऱ्यावरची जखम. आणि आकार-रंग बदलणारा तीळ. यांवर आधी निदान, मगच बाकी काही. निदानाआधी लेसर मारला तर पुरावाच जळून जातो.

करायचाच ठरला तर

मुरमांचे खड्डे, जखमेचे व्रण, उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्या, खरखरीत पोत, यांत फ्रॅक्शनल लेसरचा फायदा होतो. डॉक्टर त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा झालेला हवा. पाटीवर नुसतं "कॉस्मेटोलॉजिस्ट" असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. विचारण्यात अपमान नाही. मशीन कोण चालवणार, डॉक्टर की मदतनीस, तेही विचारा. बायांनी महिला डॉक्टर किंवा सोबत घरची बाई असावी असं सांगितलं तर कुठलाही नीट दवाखाना नाही म्हणणार नाही.

ओठावर वारंवार ताप-फोड येत असतील, जखमेवर गाठीसारखा व्रण वाढत असेल, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. लेसरनंतर चेहरा चार-सहा दिवस लाल, सुजलेला, खरवडल्यासारखा दिसतो. खपल्या उचकटायच्या नाहीत. महिनाभराच्या अंतराने साधारण तीन-चार सिटिंग लागतात, प्रत्येक सिटिंगला काही हजार रुपये, आणि सौंदर्याचा उपचार म्हणून विमा ते देत नाही. कर्ज काढून करण्यासारखी ही गोष्ट नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. हंगाम निवडायचा तर नोव्हेंबर ते जानेवारी. निकाहच्या आदल्या महिन्यात अजिबात नको, किमान चार-सहा महिने हातात हवेत.

वजू, रोजा, हज

व्रण, डाग, त्रास यांवर इलाज करायला उलमांची साधारण मनाई नाही. निव्वळ तरुण दिसण्यासाठी बदल करण्याबद्दल मतं वेगळी आहेत, आपल्या भरवशाच्या मुफ्तींना विचारा. वजूचा प्रश्न व्यवहाराचा आहे. बहुतेक डॉक्टर एक-दोन दिवसांत साध्या पाण्याने हलके धुवायला सांगतात. पाणी मना असेल तेवढ्या काळात हनफी मसल्यानुसार बाकी अवयव धुवून जखमेच्या जागी ओला हात फिरवतात, आणि तेही अपायकारक असेल तर ती जागा सोडतात. ताज्या लेसर झालेल्या चेहऱ्यावर मातीचा हात फिरवून स्वतःच्या मनाने तयम्मुम करू नका, संसर्ग होईल. सिटिंगच्या आधीच आलिमांशी बोलून घ्या. त्वचेवर लावलेल्या मलमाने रोजा तुटत नाही. गोळी गिळावी लागणार असेल तर तारीख रमजाननंतरची घ्या.

हज सध्या मे-जूनच्या उन्हात येते. जायच्या आधीचे दोन-तीन महिने लेसर टाळा. इहराममध्ये पुरुषाला डोकं झाकता येत नाही, पण छत्री धरता येते. सनस्क्रीन बिनवासाचं घ्या, कारण इहराममध्ये सुगंध चालत नाही.

ऊन अडवलं नाही तर सगळं वाया

एसपीएफ ३० किंवा जास्त, सोबत यूव्हीए संरक्षण लिहिलेलं. चेहरा-मानेसाठी दोन बोटांवर पट्टी काढावी इतकं, आणि उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी परत. घामाने आणि वजूने ते उतरतं, तेव्हा जोहरनंतर पुन्हा लावायचं. वांग असलेल्यांनी त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं, त्यातलं लोह ऑक्साइड साधा उजेडही अडवतं. शेतात रुंद काठाची टोपी किंवा पुढे ओढलेला पदर, सुती जाड कापड, आणि जमेल तितकी कामं सकाळी दहाच्या आत.

काचेमागे बसलोय म्हणून वाचलो, असं ड्रायव्हर भाईंनी समजू नये. खिडकीच्या काचेतून यूव्हीए आत येतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो छापला गेला. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, उजवी बरीच तरुण. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून उजवा गाल सांभाळायचा.

खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. गर्दी असते, सकाळी लवकर निघा. जाताना आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. काय लावलं हे तोंडाने सांगण्यापेक्षा डॉक्टरांना त्या लेबलवरून जास्त कळतं.