कच्छची सुई आणि तिचे मोल

आजच्या भाषणाचा विषय इतिहासाचा आहे. तथापि त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहनामेही नाहीत. कच्छमधील खेड्यांतल्या बायकांच्या हातची सुई हाच या इतिहासाचा विषय होय, आणि त्याचा काळही फार दूरचा नव्हे.

१९६९ साली कच्छात मोठा दुष्काळ पडला होता. मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी धाणेटी नावाच्या आहिरांच्या गावी गेल्या. घरांत दाण्याची वाण, परंतु बायकांच्या अंगावरील चोळ्या व ओढण्या मात्र भरतकामाने झळकत आहेत, असे दृश्य त्यांनी पाहिले. या मानी लोकांस फुकटचे घेणे रुचत नव्हते. त्यांना काम हवे होते. चंदाबेनांनी साड्या आणविल्या, नक्षी आखून दिली आणि ३० बायकांकडून त्या भरून घेतल्या. मुंबईत त्या साड्या खपल्या. या उद्योगाचेच पुढे 'श्रुजन' झाले.

यात नवे ते काय, असे कोणी विचारील. भरतकाम तर कच्छात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. खरे आहे, पण ते विकण्यासाठी नव्हते. मुलगी कळती झाली की आईशेजारी बसून आपल्या लग्नाचे कपडे भरू लागे. प्रत्येक जमातीचा टाका निराळा. १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधील थरपारकरातून जी सोढा व मेघवाळ कुटुंबे इकडे आली, त्यांचे 'सूफ' नावाचे काम तर थक्क करणारे आहे. कापडाच्या उलट बाजूने धागे मोजीत, एकही रेघ न आखता, सुलट बाजूवर त्रिकोणांची नक्षी उमटवावयाची! मी तीस-पस्तीस वर्षे भूमिती शिकविली. पट्टीवाचून फळ्यावर धड त्रिकोण मला कधी काढता आला नाही, हे येथे कबूल केलेले बरे.

एवढी विद्या हाती असूनही तिचा भाव या बायकांस ठाऊक नव्हता. वाईट वर्षी दारावर येणारा व्यापारी आजीने भरलेला कपडा मिळेल त्या भावाने घेऊन जाई, आणि शहरात तोच जुना व दुर्मिळ म्हणून भारी किमतीस विकला जाई. ही रीत कच्छापुरतीच आहे असे नाही. माझी थोरली बहीण एका दुकानदाराकडून कुंच्या शिवावयास आणीत असे. "दुकानात ही कुंची कितीस जाते?" असे तिने एकदा सहज विचारले, पुढील महिन्यापासून तिच्याकडे कापड येणे बंद झाले.

म्हणून १९६९ च्या प्रयोगाचे मर्म मला साड्यांच्या खपात दिसत नाही. कापड व दोरा बाईच्या घरी पोहोचवावा, कामाप्रमाणे मजुरी द्यावी आणि विक्रीची काळजी संस्थेने वाहावी, या रीतीत ते आहे. पुढे चंदाबेनांनी निरनिराळ्या जमातींच्या भरतकामाचे उत्कृष्ट नमुने करवून ते वाहनातून गावोगाव दाखविण्याची योजना काढली. तिच्यासाठी २००६ साली त्यांस रोलेक्स पुरस्कार मिळाला. एक उणीव मात्र अशा व्यवस्थेत राहतेच: नक्षी व दर दुसरा कोणी ठरवितो.

ती उणीव ओळखून दुसरे पाऊल पडले ते १९९३ साली, सुमरासर शेख या गावी. तेथील 'कला रक्षा' या संस्थेच्या संस्थापकांत अमेरिकेहून कच्छी भरतकामाच्या अभ्यासास आलेल्या ज्युडी फ्रेटर या विदुषी होत्या. येथे कामाचा दर कारागीर बायकाच ठरवू लागल्या. २००५ साली संस्थेने कारागिरांसाठी विद्यालय काढले. वर्षातून दोन-दोन आठवड्यांची सत्रे, बायकांचे वर्ग निराळे. विषय म्हणजे रंगसंगती, नक्षीची रचना, बाजार आणि कामाची सफाई. टाका कोणी शिकविला नाही. जे येत नव्हते तेवढेच शिकविले, याचे मला मास्तर या नात्याने फार कौतुक वाटते. आम्ही बहुधा उलट करीत आलो.

याच सुमारास रबारी जमातीत एक विलक्षण गोष्ट घडली. लग्नाचे कपडे भरून होईपावेतो मुलीची सासरी पाठवणी लांबे, म्हणून १९९५ साली ढेबरिया रबारींच्या पंचांनी स्वतःसाठी भरतकाम करण्यास बंदीच केली. बायकांनी मग तयार फिती व काठ जोडून नवीच नक्षी काढली; तिला 'हरी-जरी' म्हणतात. या कामाने मढविलेल्या पिशव्यांचा धंदा पाबीबेन रबारी या बाईंनी उभा केला. शिक्षण चौथीपर्यंत, लहानपणी एका रुपयासाठी लोकांचे पाणी भरलेले. आज त्यांच्याकडे इतर बायकांस काम मिळते, मुंबईचा जानकीदेवी बजाज पुरस्कारही त्यांना लाभला, आणि पिशवी 'पाबी बॅग' म्हणून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

ही हकीकत मी परवा बहिणीस सांगितली. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "ते पुरस्काराचे राहू दे रे. एका पिशवीचे त्या किती घेतात, ते सांग."