आरोपपत्रांतील पूर्वज

ज्यांच्या घराण्यांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या, त्यांच्या वंशजांना पूर्वज हुडकीत फिरावे लागत नाही. वेल्समधील शेतमजुराचे किंवा मोलकरणीचे नाव मात्र चर्चच्या नोंदवह्यांबाहेर उमटते, ते बहुधा न्यायालयाच्या दप्तरात.

वेल्सच्या बारा परगण्यांत १५४३ च्या कायद्यान्वये वर्षातून दोनदा ‘महासत्र’ न्यायालय भरत असे. ते १८३० मध्ये बंद झाले. त्याची कागदपत्रे आज अ‍ॅबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. १७३० ते १८३० या शतकातील फौजदारी कागदांच्या सूचीत आरोपीचे नाव, गाव, व्यवसाय, आरोप, निकाल व शिक्षा ही सापडतात.

परंतु शोधकाने सावध असावे. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स अशी मोजकी आडनावे तेथे घरोघर आढळतात. गाव व व्यवसाय जुळल्याखेरीज नाते मानू नये. १८२७ पर्यंत बारा पेन्सांहून अधिक किमतीची चोरी कायद्याने ‘मोठी’ ठरे. म्हणून दयाळू ज्यूरी कित्येकदा मालाची किंमतच उतरवीत. तेव्हा कागदावरचा आकडाही शब्दशः घेऊ नये.

सर्वांत मोठी उणीव भाषेची. दप्तराची भाषा १७३३ पर्यंत प्रामुख्याने लॅटिन, पुढे इंग्रजी. बहुसंख्य रयत बोले वेल्श. साक्षीदार आपल्या बोलीत सांगे, कारकून परभाषेत लिही. पूर्वजाचे नाव हाती लागते, त्याचा शब्द नाही.

म्हणून असे नाव सापडल्यास लाजू नये आणि घाईही करू नये. आरोप म्हणजे अपराध नव्हे. निकालाचा कागद वाचल्यावाचून पूर्वजाला दुसऱ्यांदा दोषी ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही.