कान–हिलियर्ड समीकरणाची संख्यात्मक उकल

एकजीव मिश्रण थंड होताना दोन प्रावस्थांत फुटते, त्या क्रियेचे आंशिक अवकल समीकरण संगणकावर सोडविण्याच्या पद्धती. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन प्रयोगशाळेत जॉन कान आणि जॉन हिलियर्ड यांनी १९५८ मध्ये यामागील मुक्त ऊर्जेचे सूत्र मांडले. १९६१ मध्ये कान यांनी त्यावरून स्पायनोडल विघटनाचा सिद्धांत उभा केला. मिश्रधातू, काच आणि बहुवारिके यांच्या अभ्यासात हे समीकरण वापरतात.

पाण्यातला शाईचा थेंब पसरत जातो. येथे मात्र द्रव्य विरळ भागाकडून दाट भागाकडे सरकते. हे उलटे विसरण आवरते ते सीमांच्या ऊर्जेचे पद, आणि त्याच पदामुळे समीकरण चौथ्या कोटीचे होते. खरी अडचण इथेच आहे. पुढच्या क्षणाचे मूल्य आधीच्या क्षणावरून थेट काढायचे, तर जाळीतील अंतर निम्मे केल्यावर कालपायरी सोळाव्या हिश्श्यावर आणावी लागते. द्विमितीत बिंदूही चौपट होतात, म्हणजे काम ६४ पट वाढते.

म्हणून संहती आणि रासायनिक विभव अशी दोन अज्ञाते घेऊन समीकरणाची दुसऱ्या कोटीची जोडी करतात. डेव्हिड आयर यांनी १९९८ मध्ये सुचविलेल्या रीतीत ऊर्जेचे दोन भाग पाडून एक नव्या क्षणावर, दुसरा जुन्या क्षणावर मोजतात. त्यामुळे कालपायरी मोठी घेतली तरी ऊर्जा वाढत नाही. पण पायरी फार मोठी असेल, तर उत्तर स्थिर राहूनही वेळेचा हिशेब चुकतो. फायपाय, फेनिक्स आणि मूस या मुक्त प्रणाल्यांत हे समीकरण सोडविण्याची तयार उदाहरणे आहेत.

नवख्याची गफलत बहुधा सुरुवातीच्या स्थितीत होते. ऊर्जा संहतीचा वर्ग गुणिले उरलेल्या हिश्श्याचा वर्ग अशी धरल्यास अस्थिर पट्टा सुमारे ०.२१ ते ०.७९ इतकाच असतो. संहती ०.१ ठेवून किंचित खळबळ दिली, तर ती विरून जाते आणि पडद्यावर काहीच घडत नाही. दोन प्रावस्थांमधल्या सीमेवर जाळीचे चार-पाच तरी बिंदू हवेत. नाहीतर ठिपके जाळीलाच चिकटून राहतात.

पुढे ठिपक्यांचा आकार काळाच्या घनमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे तो दुप्पट व्हायला आठपट वेळ लागतो. बंदिस्त क्षेत्रात एकूण द्रव्य कायम राहिले पाहिजे आणि ऊर्जा कधीही वाढता कामा नये. हे दोन आलेख तपासल्याशिवाय पडद्यावरचे चित्र, कितीही देखणे असले तरी, उत्तर म्हणून स्वीकारू नये.