मैहरचा वाद्यवृंद

कटनीहून सतन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मैहर नावाचे गाव लागते. त्रिकूट टेकडीवरील शारदामातेच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू तेथे जातात. बाघेलखंडातील या लहानशा संस्थानाचे नाव संगीताच्या इतिहासात मात्र उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्यामुळे अजरामर झाले. अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, रविशंकर, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी ही त्यांच्या शिष्यवर्गातील नावे रसिकांना सुपरिचित आहेत. परंतु याच गुरूने याच गावी आणखी एक शिष्यवर्ग तयार केला होता. तो होता गावातील अनाथ मुलांचा. त्या मुलांची आणि त्यांच्या वाद्यवृंदाची हकीकत आज सांगावयाची आहे.

ती नीट समजण्यासाठी अल्लाउद्दीन खाँचे स्वतःचे बालपण ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचा जन्म पूर्व बंगालमधील शिवपूर या खेड्यातला. हे खेडे आता बांगलादेशात आहे. वडील सतार वाजवीत. मुलाला गाण्याचे असे वेड की, लहान वयातच तो घरातून पळाला आणि भटकत कलकत्त्यास पोहोचला. अन्नछत्रात जेवावे आणि मिळेल तेथे पाठ टेकावी, अशी त्याची दिनचर्या होती. नुलो गोपाल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गवयाने त्याला पदरी घेतले. बारा वर्षे शिकावयाचे ठरले होते. परंतु सात वर्षे होतात न होतात तोच प्लेगने गुरूचा बळी घेतला. पुढे त्यांनी अमृतलाल दत्त यांच्याकडे अनेक वाद्यांचा अभ्यास केला, नाटकगृहाच्या वाद्यमेळात नोकरी धरली आणि ईडन गार्डनमधील बँडचे प्रमुख लोबो यांच्याकडून युरोपीय पद्धतीचे व्हायोलिनवादन आत्मसात केले. लोबो हे आडनाव गोमंतकीय श्रोत्यांना परके वाटणार नाही. गोव्यातील ख्रिस्ती वादकांनी त्या काळी देशभरातील किती तरी बँड सांभाळले होते.

पोरकेपण म्हणजे काय, याचा अनुभव अशा रीतीने त्यांना होता. विद्या मिळविताना पडणारे अडसरही त्यांनी पाहिले होते. रामपूरला तानसेनाच्या परंपरेतील वझीर खाँ यांचे शिष्यत्व मिळविण्यासाठी त्यांना प्रयत्नांची पराकाष्ठा करावी लागली. ते मिळाल्यावरही घराण्याचे खास वाद्य जे बीन, ते रक्ताच्या नात्याबाहेर देण्याची प्रथा नव्हती. अल्लाउद्दीन खाँना विद्या मिळाली ती सरोदावर. एखाद्या कुळाची जणू स्थावर मिळकत म्हणून विद्या जपली जाण्याचा तो काळ होता.

मैहरचे राजे ब्रिजनाथसिंह संगीताचे भोक्ते होते. त्यांचे गुरू म्हणून अल्लाउद्दीन खाँ 1918 च्या सुमारास मैहरला स्थायिक झाले. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मैहरसारख्या लहान गावातही कित्येक मुले आईबापांना मुकली. अशा अनाथ मुलामुलींना खाँसाहेबांनी, म्हणजे मैहरकरांच्या बाबांनी, एकत्र केले आणि राजेसाहेबांच्या आश्रयाने त्यांचा वाद्यवृंद उभा केला. तोच पुढे मैहर बँड या नावाने प्रसिद्धीस आला.

अशा मुलांना शिकविणे सोपे नव्हते. गाण्याबजावण्याचे घराणे त्यांच्या पाठीशी नव्हते. प्रत्येकाचा कल पाहून बाबांनी वाद्ये वाटून दिली. सतार, सरोद, व्हायोलिन, हार्मोनियम, तबला अशी देशी आणि विलायती वाद्ये एका बैठकीत आली. बाबा ही सारी वाद्ये स्वतः वाजवून दाखवू शकत, ही मोठीच सोय होती. वृंदासाठी निरनिराळ्या रागांतील गती त्यांनी बांधल्या. लोकगीतांच्या चाली घेतल्या आणि युरोपीय वळणाच्या रचनाही बसविल्या. मुलांनी त्या कंठस्थ करावयाच्या आणि समोर कागद न ठेवता वाजवावयाच्या. बाबांचा स्वभाव कमालीचा तापट होता आणि शिस्त कडक होती. पोरकी मुले म्हणून सुरात किंवा लयीत सवलत मिळत नसे.

संस्थानच्या शस्त्रागारातील टाकाऊ बंदुकांच्या नळ्यांपासून बाबांनी या वृंदासाठी एक नवे वाद्यही बनविले. नळ्या कमीअधिक लांबीच्या कापल्या म्हणजे त्यांतून निरनिराळे स्वर निघतात. नळी जितकी आखूड, तितका स्वर चढा. अशा नळ्या क्रमाने मांडून त्या काड्यांनी वाजवावयाच्या. जलतरंगाच्या धर्तीवर याला नलतरंग असे नाव मिळाले. मैहरच्या वृंदाची ती आजही ओळख आहे.

सर्वांसाठी संगीतशिक्षण खुले करण्याचा उद्योग त्यापूर्वीच सुरू झाला होता, हे येथे सांगितले पाहिजे. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा 1886 मध्ये निघाली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पंडित भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय सुरू झाले ते 1918 मध्येच. या शाळांनी स्वरलिपी, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा यांचा मार्ग धरला. मैहरचा मार्ग निराळा होता. तेथे मुले पहिल्यापासून एकत्र बसून वाजवावयास शिकली आणि श्रोत्यांपुढे वाजविणे हाच त्यांचा अभ्यास ठरला.

या दोन्ही मार्गांची भेट लखनौस झाली. भातखंड्यांच्या पुढाकाराने तेथे भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत 1924 च्या सुमारास मैहरची मुले आपल्या गुरूसह गेली. देशातील नामांकित गवई आणि वादक जेथे जमत, त्या व्यासपीठावर एका लहान संस्थानातील पोरकी मुले बसली आणि श्रोत्यांच्या प्रशंसेस पात्र झाली. दरबारच्या आश्रयाने वाढलेल्या या वृंदाला तेथे देशभरच्या जाणकारांचे श्रोतृवृंद म्हणून दर्शन घडले. कलावंताने उदार होऊन मुलांना शेजारी बसविले आणि लोकांनी दयेपोटी टाळ्या वाजविल्या, असा हा प्रकार नव्हता. वादन ऐकण्याजोगे होते, म्हणून ते ऐकले गेले.

या उपक्रमावर एक आक्षेप घेता येण्यासारखा आहे. आपल्या संगीताचा प्राण रागाच्या उत्स्फूर्त विस्तारात आहे. अनेक वाद्ये एकत्र वाजावयाची तर रचना आधी बांधून घ्यावी लागते आणि वादकाचे स्वातंत्र्य आखडते. हा आक्षेप खोटा नाही. खुद्द बाबांनीही वृंदवादनाला एकल वादनाच्या जागी बसविले नाही. आपल्या घरी राहून शिकणाऱ्या शिष्यांकडून त्यांनी आलाप आणि जोड यांची वर्षानुवर्षे तपश्चर्या करून घेतली. मात्र गावातील प्रत्येक मूल रविशंकर होणार नाही, आणि म्हणून त्याने संगीतावाचून राहावे असेही नाही, हे त्यांनी ओळखले होते. वृंदामुळे साधारण कुवतीच्या मुलालाही शुद्ध स्वर, पक्की लय, उपजीविकेचे साधन आणि समाजात मानाचे स्थान मिळाले.

आकाशवाणीने 1952 मध्ये दिल्लीस आपला वाद्यवृंद उभारला, तेव्हा त्याची धुरा प्रथम रविशंकरांकडे आली. वाद्यमेळाचे संस्कार त्यांनी थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकात घेतले होतेच. पण 1938 पासून मैहरला राहिलेल्या या शिष्याने बाबांचा वृंदही जवळून ऐकला होता.

संस्थाने विलीन झाली, राजाश्रय संपला. अल्लाउद्दीन खाँना 1958 मध्ये पद्मभूषण आणि 1971 मध्ये पद्मविभूषण हे सन्मान लाभले. दि. 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहर येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचा वृंद मात्र राहिला. पहिल्या पिढीची जागा दुसरीने घेतली, दुसरीची तिसरीने. राज्य शासनाच्या आधाराने तो मैहर वाद्यवृंद या नावाने चालू आहे आणि बाबांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या समारोहात त्यांच्याच रचना वाजवितो.

साथीच्या त्या वर्षी पोरक्या झालेल्या मुलांची नावे मैहरबाहेर फारशी कोणी घेत नाही. बाबांच्या थोर शिष्यांनी मैहरची कीर्ती सातासमुद्रापलीकडे नेली, हे खरेच. पण खुद्द मैहरमध्ये शंभर वर्षे संगीत नांदते ठेवले ते या मुलांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या गावकऱ्यांनी. आपल्या गावी एखादा गुणी कलावंत राहावयास आला असेल, तर त्याच्यापाशी काय मागावे, हे मैहरकडून शिकण्यासारखे आहे. त्याची एक मैफल अवश्य ऐकावी. पण त्याने गावातील चार मुले हाताशी धरावीत, एवढेही त्याला विनवावे.