मुंबईहून लंडनच्या सभागृहापर्यंत: नौवहन महासंचालनालयाची वाटचाल

5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांचे हे धाडस ब्रिटिश कंपन्यांना सलले आणि दरयुद्ध पेटले. जहाजे आपली असली, तरी नियम परक्यांचे होते. पुढे 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. प्रवासी जहाजांच्या सुरक्षिततेचा प्रश्न कोकणाने असा घराघरांत सोसला.

सप्टेंबर 1949 मध्ये मुंबईत नौवहन महासंचालनालय स्थापन झाले. देशाचा व्यापारी ताफा स्वातंत्र्याच्या वेळी दोन लाख टनांचाही नव्हता. जहाजांची नोंदणी आणि तपासणी, अधिकाऱ्यांच्या परीक्षा, खलाशांचे हक्क ही सारी कामे हळूहळू या कार्यालयाकडे आली. विखुरलेल्या जुन्या कायद्यांच्या जागी 1958 चा व्यापारी नौवहन कायदा आला. त्या वेळी महासंचालकपदी डॉ. नगेंद्र सिंग होते. तेच पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष झाले.

आज आयएमओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लंडनमधील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा भारत 1959 मध्ये सदस्य झाला. महासंचालनालयात उपमहासंचालक राहिलेले आणि 1961 मध्ये स्थापन झालेल्या शिपिंग कॉर्पोरेशनची घडी बसवणारे सी. पी. श्रीवास्तव 1974 मध्ये या आंतरराष्ट्रीय संघटनेचे महासचिव झाले. विकसनशील देशातून त्या पदावर पोहोचलेले ते पहिलेच. 1989 पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत खलाशांच्या प्रशिक्षणाचा 1978 चा करार झाला आणि 1983 मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे जागतिक सागरी विद्यापीठ सुरू झाले. मात्र त्याच काळात, 1983-84 ही दोन वर्षे, भारत संघटनेच्या, सदस्य देशांच्या मतांनी निवडल्या जाणाऱ्या कौन्सिलबाहेर होता. महासचिव आपला म्हणून मते आपोआप मिळत नाहीत, हा धडा तेव्हाच मिळाला. त्यानंतर ती जागा सुटलेली नाही.

परीक्षेचे प्रसंग घरच्या किनाऱ्यावरही आले. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. तेल सांडले, कंटेनर समुद्रात पडले.

मराठवाड्याला समुद्र नाही, म्हणून या साऱ्याशी आपला संबंध नाही, असे छत्रपती संभाजीनगरात कोणी म्हणेल. पण 1 जुलै 2016 पासून कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. नियम लंडनमध्ये आयएमओत ठरला, त्याची अंमलबजावणी महासंचालनालयाने करवून घेतली आणि शहराजवळच्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींतील निर्यातदाराला न्हावाशेवा बंदराकडे निघणाऱ्या मालासाठी वजनकाट्याचा कागद जोडावा लागला. चुकीच्या वजनाने जहाजावरच्या कंटेनरच्या थप्प्या कोसळत, त्यावरचा हा उपाय.

2019 मध्ये भारताने जहाजे मोडण्याबाबतचा हाँगकाँग करार स्वीकारला. अलंगसारखे मोठे केंद्र असलेल्या देशाच्या सहभागाला तेथे वजन होते. 26 जून 2025 पासून तो करार जगभर लागू झाला. त्याच वर्षी 1958 च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने मंजूर केला. नोव्हेंबर 2025 मधील आयएमओ कौन्सिलच्या निवडणुकीत सागरी व्यापारात मोठे हितसंबंध असलेल्या देशांच्या गटात भारताला 169 पैकी 154, म्हणजे सर्वाधिक मते पडली. जहाजांच्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क लावणाऱ्या आयएमओच्या आराखड्याला भारताने एप्रिल 2025 मध्ये पाठिंबा दिला होता. ऑक्टोबरमध्ये त्यावरचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला.